मुंबईत आपले कोण आहे?

"मुंबईत आपले कोण आहे?" हा प्रश्न आमच्या भागात घरोघर विचारला जातो. आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यायचे असो, पोराची नोकरीची मुलाखत असो, की सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे असो, आधी हा प्रश्न आणि मग तिकीट. यंदा तो आमच्याच घरात येऊन बसला. आमची थोरली मुलगी धाराशिवला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे कायदा शिकायचा आहे आणि तोही मुंबईत, सिद्धार्थ कॉलेजात. तिची आई म्हणाली, "शिकू द्या की. पर ऱ्हाणार कुठं? मुंबईत आपलं कोण हाय?"

आम्ही म्हणालो, "तीन जण आहेत."

म्हणालो खरे, पण त्या तिघांचे तोंड पाहून आम्हाला बारा वर्षे उलटली होती. फोनवर वाढदिवसाचे फुगे येत, चौदा एप्रिलला निळा झेंडा येई, एवढाच काय तो संबंध. शेवटी ठरवले की फोनवर विचारायचे नाही. फोनवर माणूस 'हो' म्हणतो आणि मग अडचणीत येतो. प्रत्यक्ष जायचे, एकेकाच्या दारात उभे राहायचे आणि घर बघायचे, माणूसही बघायचा. आम्ही एका पतसंस्थेत कारकून आहोत. चार दिवसांची रजा टाकली, त्यात रविवार मिळवला. मुलीची कॉलेजची सॅक रिकामी करून घेतली. तीत दोन सदरे, टॉवेल, भुईमुगाच्या शेंगांच्या चटणीचे तीन डबे, भूमकडच्या खव्याचे पेढे आणि वाटेसाठी कडक भाकरी भरली. सॅक पाठीवर चढवल्यावर मुलगी हसली. म्हणाली, "पप्पा, याला बॅकपॅकिंग म्हणतात. परदेशातली पोरं अशीच जग फिरतात."

आम्ही तिला म्हणालो, "बाळ, बहात्तरच्या दुष्काळात तुझे पणजोबा पाठीवर गाठोडे घेऊन मुंबईला गेले होते. त्याला कोणी बॅकपॅकिंग म्हटले नाही. जगायला जाणे म्हटले."

वसतिगृहातली चार गावे

हे तीन मित्र कोण, ते आधी सांगितले पाहिजे. १९९७ ते २००० अशी तीन वर्षे आम्ही चौघे जिल्ह्याच्या गावी मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तिथे कोणी कोणाला नावाने हाक मारीत नसे. गावाने मारीत. एक कळंब्या, एक परंड्या, एक सास्तुऱ्या, आणि आम्ही तेरचे म्हणून तेऱ्या. चार लोखंडी पेट्या, चार ताटे आणि अभ्यासाला एकच चांगला दिवा.

सास्तुऱ्या कमी बोलायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप वाचकांच्या स्मरणात असेल. किल्लारीचे नाव सर्वांना ठाऊक झाले, पण आमच्या जिल्ह्यातले सास्तूरही त्या पहाटे भुईसपाट झाले. त्याची आई आणि धाकटी बहीण घराच्या भिंतीखाली गेल्या. वसतिगृहातही तो भिंतीपासून खाट ओढून मधोमध झोपे. आम्ही कधी कारण विचारले नाही.

परंड्या याच्या उलट. चौदा एप्रिलच्या सभेत सर्वांत मोठा आवाज त्याचा. आणि मनही तसेच. तिसऱ्या वर्षी आमचे वडील अंथरुणाला खिळले. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आला आणि आमच्या खिशात एस.टी.पुरतेही पैसे नव्हते. परंड्याने पोस्टातली आपली शिष्यवृत्ती काढून आणली आणि आमच्या ताटात ठेवली. "पोस्टात ठिवून काय पिल्लं देणार हायती का?" एवढेच म्हणाला. आज आमच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र आहे. १९९४ च्या जानेवारीत नामांतर झाले, त्यामुळे त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव आहे. पाहुण्यांना आम्ही ते नाव दाखवतो. पण त्या कागदाखाली परंड्याचे पैसे आहेत, हे फक्त आम्हाला माहीत. ते आम्ही कधी फेडले नाहीत. आधी जवळ नव्हते, आणि जेव्हा आले तेव्हा तो "ठेव रे" म्हणाला.

वसतिगृह सोडायच्या रात्री चौघांनी शब्द दिला होता की जो शहरात जाईल त्याचे दार इतरांना उघडे राहील. तिघे मुंबईला गेले. आम्ही आई-वडिलांपायी मागे राहिलो.

निघण्याआधी आम्ही एक काम केले. १४ एप्रिल १९९९ चा एक फोटो होता, चौघे निळ्या झेंड्याखाली गळ्यात गळे घालून उभे. त्याच्या तीन प्रती स्टुडिओत काढून घेतल्या, आणि प्रत्येक चटणीच्या डब्याच्या पिशवीत एकेक घातली.

आनंद भवनाच्या पायऱ्या

पूर्वी मुंबईला जायचे म्हणजे सोलापूर किंवा कुर्डुवाडी गाठावी लागे. बार्शी लाइट रेल्वेची ती छोटी गाडी तेर, तडवळे करीत लातूरला जाई, जिल्ह्याच्या गावाला मात्र ती शिवत नव्हती. १९४१ साली बाबासाहेब महार-मांग परिषदेसाठी आले ते कसबे तडवळे याच लाइनीवरचे. २००७-०८ मध्ये रुळ रुंद झाले, धाराशिवला स्टेशन आले, आणि आता रात्री गाडीत बसले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते.

शुक्रवारी सकाळी उतरलो आणि सॅक पाठीवर टाकून पायीच फोर्टात गेलो. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या वर्षी, १९५६ मध्ये, कायद्याचे कॉलेज निघाले. आनंद भवन आणि बुद्ध भवन या दोन इमारती आजही त्या गजबजाटात उभ्या आहेत. गिरणी कामगाराच्या पोराने दिवसा नोकरी करावी आणि सकाळी शिकावे, म्हणून इथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. आनंद भवनाच्या पायरीवर आम्ही जरा वेळ बसलो. आमच्या मुलीचे पाय या पायरीला लागतील का, एवढाच विचार मनात होता.

चौकशी केली ती वाचकांच्या उपयोगाची म्हणून सांगतो. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला सीईटी द्यावी लागते. राहण्यासाठी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करायचा. तिथे नंबर लागला नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून सुरू आहे. पालकाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरलेले आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते आधीच तयार ठेवावे. मात्र ही रक्कम कॉलेजच्या पहिल्या दिवशी हातात पडत नाही. वसतिगृहाची यादीही लगेच लागत नाही. ते पहिले दोन-तीन महिने मुलीने कुठे काढायचे, हाच खरा प्रश्न असतो. खेड्यातल्या किती पोरींचे शिक्षण त्या दोन-तीन महिन्यांत अडते, ते ज्याच्या घरी पोरगी आहे त्यालाच ठाऊक.

एकविसावा मजला

कळंब्या वरळीला राहतो. तिकडे आता भुयारातून मेट्रो जाते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती पार कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे. स्टेशनात सॅक यंत्रातून घातली तर तिथल्या पोराने थांबवले. "डब्यात काय आहे काका?" आम्ही म्हणालो, "शेंगाची चटणी. धाराशिवची." त्याने वास घेतला आणि सोडून दिले. पोर बहुधा मराठवाड्यातलेच असावे.

वरळीच्या बीडीडी चाळी आपल्या समाजाला नव्या नाहीत. इंग्रज सरकारने शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या, एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्या. १९७४ च्या जानेवारीतली वरळीची दंगल, पँथरच्या सभा, जांबोरी मैदान हा सारा इतिहास तिथला. आता चाळी पाडून चाळीस मजली इमारती होत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. कळंब्याच्या सासऱ्यांची खोली त्यांत होती. सासरे आता नाहीत. मुलगा नसल्याने कळंब्याच तिथे राहतो आणि महानगरपालिकेत सफाईच्या कामावर जातो.

दार उघडताच त्याने "जयभीम तेऱ्या!" म्हणून अशी मिठी मारली की सॅकसकट आम्ही दाराला आदळलो. वहिनींनी आधी पाणी दिले, मग खिडकीशी नेऊन समुद्र दाखवला. स्वयंपाकघरात स्वतंत्र नळ, संडास घरात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बावीस वर्षं पहाटे चारला उठून रांगेत उभी राहिले. आता चारला जाग येते आणि काम नसतं. मग बसून राहते."

कळंब्या मात्र संध्याकाळी हळूच म्हणाला, "घर मोठं झालं, खरं हाय. पर चाळीत दार लावायची वेळच येत नव्हती. इथं शेजारी कोन हाय, अजून नीट ठावं न्हाई." मुलीचा विषय आम्ही काढायच्या आत वहिनींनीच काढला. "येऊ द्या पोरीला. हॉलमध्ये झोपेल." आम्ही मोजले. कळंब्या, वहिनी, आजारी सासूबाई, दोन मुलगे, सून आणि सुनेच्या कडेला तान्हे. पाचशे फुटांत सात जीव. त्यांनी 'हो' म्हटले ते मनापासून. पण मनात जागा असली, तरी पोरीला रात्री दिवा लावून अभ्यास करायला कोपरा लागतो. आम्ही मान डोलावली, फोटो दिला आणि सकाळी निघालो.

न पडणारे घर

सास्तुऱ्या बदलापूरला भाड्याच्या एका खोलीत राहतो. एका साहेबाची गाडी चालवतो. पहाटे साडेचारला निघतो आणि रात्री दहाला परततो. बायको एका कारखान्यात पॅकिंगला जाते. इथून फोर्टात रोज जायचे म्हणजे पोरीचा निम्मा दिवस लोकलमध्ये. त्याने स्वतःच सांगितले, "तेऱ्या, माझ्याकडं नको. पोरगी थकून जाईल. पर ॲडमिशनच्या येळला गाडी घेऊन मी हाय."

रविवारी त्याची सुट्टी होती. तो म्हणाला, "चल, तुला कान्हेरी दाखवतो." बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात डोंगर कोरून शंभराहून अधिक लेणी आहेत. सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवावे. दोन हजार वर्षांपूर्वी कामाला सुरुवात झाली आणि जवळजवळ हजार वर्षे तिथे भिक्खूंची वस्ती होती. पाण्याची टाकी आणि बसायची बाके खडकातच कोरलेली आहेत, खोलीत दगडाचाच ओटा. कल्याणसारख्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास, बाकीचे दिवस तीन चीवरे आणि भिक्षापात्र घेऊन चारिका. मुलगी ज्याला बॅकपॅकिंग म्हणते, ते आपल्या परंपरेत फार जुने आहे. आमचे तेर म्हणजे त्या काळचे तगर. तिथले कापड गाड्यांवर लादून पार भडोच बंदरापर्यंत जात असे, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. तेरचे जुने विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होते, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तेरच्या माणसाने पाठीवर ओझे घेऊन शहराच्या वाटेला लागणे ही कालपरवाची गोष्ट नव्हे. वाटेवर कोणीतरी ओटा कोरून ठेवला होता, म्हणून तो जाऊ शकला.

सास्तुऱ्या एका लहान विहारात शिरला. बराच वेळ भिंतीवर हात फिरवत राहिला. आमच्या भागातली जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भूकंपात माणसे मेली ती त्या भिंतींनी. तो म्हणाला, "ह्याला सांधाच न्हाई रे. ह्ये घर पडत नसतंय." मग भिंतीला पाठ टेकून बसला आणि पाच मिनिटांत त्याला झोप लागली. आम्ही त्याला उठवले नाही. बाहेर माणसे ये-जा करीत होती. भिंतीला टेकून झोपलेला सास्तुऱ्या आम्ही पहिल्यांदा पाहिला.

स्टेशनजवळचे हॉटेल

राहिला परंड्या. तो एका खाजगी कंपनीत हिशेबखात्यात वरच्या हुद्द्यावर आहे. ठाण्याच्या बाजूला मोठ्या सोसायटीत त्याचे तीन खोल्यांचे घर. मनातून आमची सारी भिस्त त्याच्यावरच होती. सोमवारी फोन केला तेव्हा क्षणभर थांबून तो म्हणाला, "घरी नको. स्टेशनजवळ एक हॉटेल आहे, तिथं सातला भेटू."

तो आला. केस पिकलेले, इस्त्रीचा सदरा. आम्ही उठून मोठ्याने "जयभीम" म्हणालो. त्याने आजूबाजूला पाहिले आणि "बस, बस" म्हणाला. खोटे कशाला सांगावे, आम्हाला ते लागले. सभेत ज्याच्या आवाजाने मांडव हले, तो हा.

चहा आला. मग तो खाली बघून बोलू लागला. मुंबईत आल्यावर तीनदा भाड्याचे घर ठरले आणि आडनाव सांगितल्यावर तीनदा "भाडेकरू मिळाला" असे उत्तर आले. तिसऱ्या वेळी बायको दिवस भरत आलेली होती. चौथ्या घरी त्याने आडनाव सांगितलेच नाही. गावावरून 'परांडेकर' असे सांगितले. घर मिळाले. पुढे कर्ज काढून स्वतःचे घेतले, कागदोपत्री खरे नाव आहे, पण दारावरची पाटी आणि गेटवरचे नाव परांडेकरच राहिले. वसतिगृहात आम्ही गमतीने दिलेले नाव त्याने शहरात भीतीपोटी आडनाव केले होते.

"मुलगा दहावीला आहे," तो म्हणाला. "त्याला गावाचं काही सांगितलंच नाही मी. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. पहाटे चारला, एकटा. उजाडायच्या आत परत येतो."

मुलीचा विषय त्याने काढला, आम्ही नाही. "पोरगी कुठं राहणार?" आम्ही सांगितले. तो गप्प झाला. आम्हीही पुढे बोललो नाही. डबा, पेढे आणि पिशवी त्याच्या हातात दिली आणि निघालो. पैसे देण्यासाठी आम्ही खिशात हात घातला, त्याने तो धरून ठेवला. तेवढे मात्र जुन्या परंड्यासारखे होते.

त्या रात्री कळंब्याच्या हॉलमध्ये झोप आली नाही. बडोद्याचा प्रसंग आठवत राहिला. बाबासाहेबांनी तो स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. कुठे जागा मिळेना, म्हणून एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. गावात दोन मित्र होते. एक हिंदू. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेबांनी सामान उचलले आणि मुंबईची गाडी येईपर्यंत पाच तास बागेत काढले.

हा प्रसंग आम्ही व्याख्यानात अनेकदा सांगितला आहे, आणि दरवेळी दोन्ही मित्रांवर राग काढला आहे. त्या रात्री मात्र लक्षात आले की आपल्याच माणसाने आपल्याला दाराबाहेर भेटावे, ही पाळी शंभर वर्षांनी कोणी आणली? परंड्याने आणली असे म्हणणे सोपे आहे. पण ज्यांनी तीनदा दार लावले त्यांचे काय? आणि बाबासाहेबांच्या आयुष्यात दुसऱ्या तऱ्हेचा मित्रही होता. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे पारशी मित्र नवल भथेना. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी पाच हजार रुपये उसने दिले. परंड्या आमचा भथेना होता. मग त्याला नुसते नावे ठेवून झोपायचा आम्हाला काय अधिकार?

गाडी सुटण्याआधी

मंगळवारी रात्री परतीच्या गाडीला फलाटावर उभे होतो. कळंब्या पोहोचवायला आला होता. तेवढ्यात गर्दीतून परंड्या येताना दिसला. मागे वहिनी आणि एक उंच मुलगा. परंड्या जवळ आला आणि भर फलाटावर, लोक वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाला, "जयभीम, तेऱ्या!"

वहिनींनी सांगितले ते असे. रात्री मुलाने भुकेपोटी पिशवी उघडली, तर चटणीच्या डब्याबरोबर फोटो निघाला. निळा झेंडा, चार पोरे, त्यात आपले पप्पा. मागच्या बाजूला आमच्या हाताने लिहिलेली चार नावे: कळंब्या, परंड्या, सास्तुऱ्या, तेऱ्या. मुलगा म्हणाला, "पप्पा, परंड्या म्हणजे तुम्ही? ही माणसं कोण?" आणि मग रात्री दोनपर्यंत बाप बोलत राहिला आणि मुलगा ऐकत राहिला.

मुलाने आम्हाला एकच विचारले. "काका, पप्पा खरंच भाषण करायचे?"

आम्ही म्हणालो, "तुझ्या बापाला माईक लागत नव्हता."

परंड्या म्हणाला, "होस्टेल मिळंस्तोवर पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल. मागची खोली तिची." मग थांबून, "पाटी अजून तीच हाय, तेऱ्या." आम्ही म्हणालो, "आम्ही पाटी वाचायला येणार नाही. पोरीला सोडायला येणार." गाडी हलली.

गेटवरचे रजिस्टर

घरी येऊन सारे सांगितले. मुलीची आई ऐकून म्हणाली, "समदं ठीक. पर तितं माज्या लेकीला नाव लपवाया लागलं तर?" हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नव्हता. आईच्या आला.

मुलीने फोन उचलला आणि परंड्याला लावला. म्हणाली, "काका, मी राहीन. पण तुमच्या गेटवर रजिस्टर असतं ना, त्यात मी माझं खरं नाव लिहीन, आडनावासकट. चालेल का?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. आम्ही दोघे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग आवाज आला, "लिही बेटा. मी खाली गेटवरच उभा ऱ्हातो."

जूनला अजून अवकाश आहे. सीईटीचा निकाल लागायचा आहे. गेटवर त्या दिवशी काय होईल ते आज सांगता येत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही काही मोठे लेखक नव्हे. सांगावयाचे एवढेच की आपल्या प्रत्येकाचे वसतिगृहातले, चाळीतले, गिरणीतले कोणीतरी मोठ्या शहरात आहे. नुसते फोनवर फुगे पाठवू नका. एकदा पाठीवर पिशवी घेऊन त्याच्या दारात जाऊन उभे राहा. त्याने दार उघडले तर उत्तमच. उघडले नाही, तर का उघडले नाही ते ऐकून घ्या, आणि चटणीचा डबा तरी देऊन या. आणि जे शहरात स्थिरावले आहेत त्यांना विनंती की जून-जुलैत गावाकडची एखादी लेक दोन महिने आपल्या घरी ठेवा. तुमच्या एका कोपऱ्याने तिचे एक वर्ष वाचते.

त्या फोटोची मूळ प्रत आता आमच्या पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी लावली आहे. पाहुणे आले की आम्ही दोन्ही दाखवतो.

जयभीम!